ओसाडीच्या दिवशीचा धूर

माणसानं हट्टी असावं, पण आमच्या ह्यांच्याइतकं नसावं, असं येसूबाई चारचौघांत म्हणायची आणि ज्याच्याबद्दल म्हणायची तो सखाराम तिथंच बाजूला बसून सुपारी कातरत असायचा. त्याला ते लागायचं नाही. राजापूर डेपोत जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस तो, उतारूंशी हुज्जत घालून घालून कातडी निबर झालेली. एकदा त्यानं आपल्या सख्ख्या सासऱ्याला बिनतिकिटाचा म्हणून ओणीच्या फाट्यावर उतरवलं होतं. सासरा पुढे दोन पावसाळे त्याच्याशी बोलला नाही. येसूबाई मात्र त्याच संध्याकाळी बोलली, आणि काय काय बोलली ते अख्ख्या बौद्धवाडीनं ऐकलं.

पण हे सगळे हट्ट बारीकसारीक. त्याचा खरा हट्ट एकच. ओसाडीच्या दिवशी आपण गावात राहायचं नाही.

आता ओसाडी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पेंढखोल हे राजापूर तालुक्यातलं, सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, पोटाला चिकटून बसलेलं गाव. माघातल्या एका मंगळवारी, कोणत्या ते देवीला कौल लावून ठरतं, सगळं गाव उजाडायच्या आत घरं सोडतं आणि वर कातळावर जाऊन बसतं. खाली चूल पेटवायची नाही, देवळातली घंटा वाजवायची नाही. कोंबड्यासुद्धा डालग्यात घालून वर नेतात. दिवेलागणीला सगळे परत येतात. मुंबईचे चाकरमानी एक वेळ गणपतीला चुकतील, ओसाडीला चुकायचे नाहीत. हल्ली वर मंडप असतो, पत्ते असतात, पोरापोरींचं मोबाइलवर शूटिंग चाललेलं असतं. पण खाली गावात धूर दिसता कामा नये, एवढं अजून सगळे पाळतात.

ही ओसाडी लढाईची. आंगऱ्यांचं आणि पेशव्यांचं बिनसलं त्या सालात या पट्ट्यात फौजा फिरल्या. परका कोणी असता तर निदान धड शिव्या तरी देता आल्या असत्या. इथं मारणारा मराठी बोलणारा, मरणारा मराठी बोलणारा, आणि दोघांचे घोडे त्याच भातावर पोसलेले. पेंढखोल जाळलं ते पेशव्यांच्या लोकांनी की आंगऱ्यांच्या पळत्या लोकांनी, यावर गावात आजही दोन तट आहेत आणि एका शिमग्यात त्यावरून डोकी फुटलेली आहेत. भांडण त्यांचं, राख आमची, एवढं मात्र दोन्ही तटांना मान्य. हे सगळं गाव सांगतं. लिहून ठेवलेलं कुठं काही नाही.

फौज आली म्हटल्यावर गाव सड्यावर पळालं आणि खाली एकटा माणूस राहिला. देवनाक त्याचं नाव. तेव्हाच्या महारवाडीतला. गाव सांगतं की देवनाक म्हणाला, तुम्ही बायकापोरं घेऊन जा, मी गाव राखतो. शिपायांनी विचारलं, भात कुठं पुरलंय? तो बोलला नाही. त्याला तिथंच तोडला. म्हणून मग दर ओसाडीला देवनाकाच्या घरातला एक पुरुष काठी घेऊन रिकाम्या गावात थांबायचा. त्याला राखण म्हणत. संध्याकाळी गाव खाली उतरलं की गावकार, म्हणजे गावचा मानकरी, ढोल वाजवत वाडीच्या टोकाशी यायचा आणि लांबूनच नारळ नि पायलीभर तांदूळ खाली ठेवायचा. हा म्हणे मान.

वाडीत तीच गोष्ट वेगळी सांगतात. देवनाक राहिला नाही, त्याला ठेवला. गावकारांनी त्याला आंब्याला बांधला आणि सांगितलं, फौज आली की ओरड, म्हणजे आम्हांला वर कळेल. जिवाची किंमत ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणं. तो ओरडला, गाव वाचलं, आणि त्याच्या ओरडण्याचा पुढे मान झाला.

सखाराम हा देवनाकाच्याच घरातला. त्याच्या बापाचं नाव धोंडू. छप्पन साली बाबासाहेबांनी धर्म बदलला, पाठोपाठ वाडीनं बदलला, आणि पुढच्याच माघात धोंडूनं गावकाराला सांगून टाकलं, ‘ज्याला गाव राखायचा हाय त्यानं खुशाल राखावा. आमचं राखून झालं.’ गावानं पाणी तोडलं, मजुरी तोडली. पोरवयातल्या सखारामला त्यातलं एवढंच आठवायचं की आवस, म्हणजे आई, लांबच्या पऱ्ह्यावरून, ओढ्यावरून, पाणी आणायची आणि वाटेत कोणाशी बोलायची नाही. पुढे काळ निवळला, निवडणुका आल्या, मतांसाठी का होईना गाव वाडीत उतरलं, एकमेकांच्या लग्नांत जेवणं सुरू झाली. पण धोंडूनं मरताना पोराला बजावलं होतं, ‘ओसाडीला आपल्यातला एकसुद्धा गावात दिसता कामा नये. तू चुकून राहिलास तरी ते त्याची राखण करतील.’

म्हणून ओसाडीच्या पहाटे गाव उठायच्याही आधी बौद्धवाडी उठायची आणि टेम्पोत बसून राजापूरला जायची. दिवसभर अर्जुना नदीच्या काठी बसायचं, पोरांना भेळ द्यायची, रात्री घरी. रूढी मोडायची म्हणून धरलेली ही गोष्ट इतक्या वर्षांत स्वतःच रूढी होऊन बसली होती, आणि तिचा गावकार होता सखाराम. मुलाच्या, सम्यकच्या वेळी येसूबाईचे दिवस भरलेले, तरी त्यानं तिला गाडीत घातलं होतं. सम्यक त्या संध्याकाळी राजापुरातच झाला. ‘माझा झील ओसाडीनं जन्माला घातला, मी नाय,’ असं येसूबाई म्हणायची, आणि हसत म्हणायची, पण म्हणायची.

त्या येसूबाईच्या पोटात गाठ निघाली. गणपतीत दुखायला लागलं, दिवाळीपर्यंत ती अंथरुणाला खिळली, आणि पौष सरता सरता रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता घरीच न्या, खायला मागतील ते द्या. सम्यक मुंबईहून आला, चार दिवस राहिला, आईला आपल्याकडे नेतो म्हणाला. येसूबाईनं मान हलवून नको म्हटलं. बोलायला तिला आता त्रास व्हायचा, पण एवढं ती नीट बोलली. ‘मला या दारातून आता एकदाच काढा. दोनदा काढू नका.’

सखाराम तिच्या पायांशी बसला होता. त्यानं हो म्हटलं. बायकोला दिलेला शब्द तो, पाळायचाच. तेव्हा त्याला ओसाडी आठवली नाही.

आठवली ती कौल लागल्यावर. मंगळवार ठरला, आणि आदल्या दिवशी गावकार दारात आला. गंगाराम त्याचं नाव. तो आणि सखाराम एकाच शाळेत शिकले होते, एका बाकावर नव्हे. म्हातारपणी दोघांचं बरं चाललं होतं. गंगाराम खुर्चीवर बसला, आत डोकावून येसूबाईला पाहून आला, पाणी प्याला.

‘वैनी काय हलवण्यासारखी दिसत नाय,’ तो म्हणाला.

‘हलवणार नाय.’

‘म्हणजे उद्या तू हायस खाली.’ गंगारामनं विचारलं, ‘मग संध्याकाळी नारळ घेऊन येऊ काय?’

‘गंगाराम, मी राहत नाय. ती राहतेय. मी तिच्याजवळ बसणार. नारळबिरळ काय आणू नको, सांगून ठेवतो.’

‘बरं,’ गंगाराम म्हणाला. तो बरं कशाला म्हणाला हे सखारामला नीट कळलं नाही.

गावकाराची पाठ वळते न वळते तोच निलेश आला. हा सखारामचा पुतण्या, वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्यामागून त्याची बायको रेणुका. येसूबाईचं अंग पुसणं, कपडे बदलणं सगळं रेणुकाच करायची.

‘आबा, जन्मभर तुम्ही आम्हांला भाषण दिलंत,’ निलेश म्हणाला. ‘आता तुम्हीच राहिलात तर पोरांना काय सांगू? उद्या गाव म्हणणार, बघा, देवनाकाचं घर आलं ताळ्यावर.’

‘म्हणू दे.’

‘म्हणू दे काय? आजोबांनी त्यापायी उपास काढलेत. मी गाडी बघतो, मागची सीट काढून गादी घालू. राजापुरात खोली घेऊ. एका दिवसाचा तर प्रश्न हाय.’

निलेशचं खोटं नव्हतं. बापाचा शब्द एका बाजूला आणि बायकोचा दुसऱ्या, आणि दोन्ही शब्द दिलेलं तोंड एकच. रात्रभर त्यानं काही ठरवलं नाही. ज्यानं सासऱ्याला फाट्यावर उतरवताना मागेपुढे पाहिलं नाही, त्याला आपल्याच घरात काय करावं ते सुचेना.

पहाटे गाडी आली. निलेशनं आणि ड्रायव्हरनं येसूबाईला चादरीसकट उचलून खुर्चीत ठेवलं. सखाराम पुढे होऊन दार धरून उभा राहिला, म्हणजे तोवर त्याचंही न्यायचंच ठरलं होतं म्हणा. खुर्ची उंबऱ्याशी आली आणि येसूबाईनं हात लांब करून दाराची चौकट धरली. तिच्या त्या हातात जोर कसला, दोन बोटांनी सोडवला असता. पण ती नवऱ्याकडं बघत होती.

‘ठेवा खाली,’ सखाराम म्हणाला.

‘आबा.’

‘ठेव म्हणतो ना. तिला आत घे.’

येसूबाई परत अंथरुणावर गेली. रेणुका म्हणाली, ‘मी थांबते आबा, तुम्हांला एकट्याला जमणार नाय.’ इथं मात्र सखारामचा जुना हट्ट उसळला. मी राहिलो ते माझ्या बायकोसाठी, त्यात आणखी कोणी राहिलं तर ती राखणच होईल, तू जा. असलं कसलं ते गणित, त्याचं त्यालाच ठाऊक. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. रेणुका रडत टेम्पोत चढली आणि वाडी निघून गेली. मग वरच्या वाड्यांतून माणसांचे, कोंबड्यांचे, पोरांचे आवाज सड्याकडे चढत गेले, आणि थोड्या वेळानं तेही बंद झाले.

सखारामनं आपलं गाव असं कधी पाहिलं नव्हतं. उन्हं वर आली तरी कुठं भांडं वाजलं नाही. एक कुत्रं तेवढं घराघराच्या पायरीवर जाऊन येत होतं. त्यानं येसूबाईला रेणुकासारखं पुसायचा प्रयत्न केला, पाणी फार झालं, अंथरूण भिजलं, मग ते बदलताना तिला दुखलं. ती कण्हली, पण रागावली नाही. एरवी ती रागावली असती.

दुपारच्या आधी तिनं पेज मागितली.

घरात गॅस होता. पण गॅसवरची पेज येसूबाईनं कधी तोंडाला लावली नव्हती, तिला ती पाणचट लागायची. मागच्या पडवीत चूल होती. सखाराम चुलीपुढे उकिडवा बसला. ओसाडीच्या दिवशी चूल पेटवायची नाही हे त्याला ठाऊक होतं, सड्यावरून गाव दिसतं हेही ठाऊक होतं. त्यानं दोन शेणी आणि काजूची लाकडं घातली आणि काडी ओढली. ओलसर लाकडांचा धूर झाला, आणि वारा नसल्यामुळे तो सरळ वर गेला. अख्ख्या पेंढखोलात त्या दिवशी तेवढाच एक धूर. दिसू दे, सखाराम म्हणाला, आणि फुंकणी शोधायला उठला.

उकड्या तांदळाची पेज शिजायला वेळ लागतो. त्यानं जन्मात केली नव्हती, फक्त प्याली होती. शेवटी कशीबशी झाली. थंड करून, तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाजली. दोन-चार चमचे गेले. मग तिनं तोंड मिटलं आणि डोळे मिटले. त्याला वाटलं निजली. तो तसाच मांडी न हलवता बसून राहिला, पायाला मुंग्या आल्या, तरी बसून राहिला. भिंतीवरची उन्हाची तिरीप कपाटापर्यंत सरकली तेव्हा त्यानं तिच्या नाकापुढे हात धरला.

येसूबाई गेली होती.

सखारामला काहीच वाटलं नाही. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. त्रिशरण म्हणावं असं मनात आलं, पण जीभ हलेना. सम्यकला फोन करायचा, एवढं सुचलं. फोन हातात घेतला, आणि मग तो फोन हातात धरून बराच वेळ बसला, कारण सम्यकला सांगितलं की मग ते झालंच असतं. त्यानं पेजेचं भांडं घासलं. चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं. तिची वेणी सुटली होती ती बांधायला घेतली, जमली नाही. हे सगळं दुसराच कोणी करतोय आणि आपण कंडक्टरच्या जागेवरून बघतोय, असं त्याला वाटत होतं. आपल्याला काही वाटत नाही याची त्याला तेवढी लाज वाटली.

दिवेलागणीला सड्यावरून गाव उतरलं. ढोल ऐकू आला. ढोल देवळाकडे जायचा तो वाडीकडे वळला, आणि वाडीच्या टोकाशी न थांबता थेट सखारामच्या अंगणात आला. पुढे गंगाराम, हातात नारळ. मागे चाकरमानी, मोबाइल वर धरलेले. सड्यावरून धूर दिसला तेव्हा आधी बायका भ्याल्या होत्या, मग कोणीतरी म्हणालं की खाली राखणदार हाय आपला, आणि मग दिवसभर वर तेवढाच विषय. एवढ्या वर्षांनी देवनाकाचं घर राहिलं. गंगारामला पोरांनी गप्प बसू दिलं नव्हतं.

सखाराम दारात आला.

‘येसू गेली,’ तो म्हणाला.

ढोल थांबला. मोबाइल खाली आले. गंगारामला नारळाचं काय करावं ते कळेना, त्यानं तो पायरीवर ठेवला आणि आत जाऊन येसूबाईच्या पायांशी बसला. बाकीचं सगळं मग माणसांनीच केलं. कोणी सम्यकला फोन केला, कोणी राजापूरला निलेशला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून सम्यक पोचल्यावर येसूबाईला दारातून बाहेर काढलं. खांदा द्यायला वरच्या वाड्यांतले लोक आले होते. पेंढखोलात हे पहिल्यांदाच घडलं. सखाराम खाली मान घालून चालत होता. त्याला कोणी कुठं वळवेल तिकडं तो वळत होता.

पण गावाला गप्प कसं बसवणार. शिमगा यायच्या आतच गोष्ट तयार झाली. सखाराम एकदा पेन्शनच्या कामाला बसनं राजापूरला चालला होता, तर शेजारी बसलेली बाई, कुठल्या पलीकडच्या गावची, त्यालाच सांगायला लागली. ‘पेंढखोलात म्हणे एक म्हातारा हाय. घरात बायको शेवटच्या घटका मोजतेय, पण बाबानं गाव सोडला नाय. चूल पेटवून देवीला सांगितलंन, मी जागा हाय. बायको गेली, पण राखण मोडली नाय. अशी माणसं आता कुठं मिळतात?’ सखाराम म्हणाला, ‘नाय मिळत.’ दुसरं काय म्हणणार.

आणि वाडीची गोष्ट वेगळी. आदल्या दिवशी गावकार येऊन बसला होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं. त्यानं आबांना दम दिला. काकी गाडीपर्यंत आली होती, निलेश नेत होता, पण आबा घाबरले आणि म्हातारपणी वाकले. आबांना थांबवून ठेवलं. हे निलेश सांगायचा, आणि रागानं नव्हे, कळवळ्यानं सांगायचा. काकाची अब्रू त्याला अशीच वाचवता येत होती.

सखारामनं दोन्हीकडे एकदा-दोनदा सांगून पाहिलं. अरे, ती हलवण्यासारखी नव्हती म्हणून मी घरी होतो. लोक ‘होय, होय’ म्हणायचे. ऐकून घ्यायचे आणि आपलंच धरून बसायचे. येसूबाईचं त्या गोष्टींत नावसुद्धा नव्हतं. ती मरत होती, एवढंच तिचं काम.

एप्रिलात जयंती आली. वाडीच्या विहारापुढे मंडप, निळे झेंडे, आणि हल्ली गावकारालाही पुढच्या रांगेत खुर्ची असते. देवनाकाची गोष्ट दरवर्षी सखारामच सांगायचा. त्यानं यंदा नको म्हटलं होतं, पण निलेशनं हात धरून उठवलं. सम्यक आला होता, तोही म्हणाला, बोला बाबा, बरं वाटेल.

सखारामनं माइक धरला. तोंडपाठ होतं सगळं. ‘देवनाकाला गावकारांनी आंब्याला बांधला,’ असं म्हणून तो सुरू झाला आणि थांबला. माणसांना वाटलं, विसरला. तो विसरला नव्हता. त्याला एकदम दिसलं की देवनाकाला ना कोणी बांधला असेल, ना तो गाव राखत असेल.

‘त्याच्या घरात कोण तरी असेल,’ तो म्हणाला. ‘हलवता न येणारं. बायको असेल. आवस असेल. सगळं गाव पळालं, तो तिच्याजवळ बसला. मग शिपाई आले. वर गेलेल्या लोकांनी एक गोष्ट केली, आपल्या लोकांनी दुसरी केली. इतकी वर्षं मी हीच गोष्ट इथं उभा राहून ओरडून सांगितली, आणि त्याला बायको होती काय, एवढं माझ्या मनात आलं नाय. मी पण गाव राखला नाय. मी कोणाला वाकलो पण नाय. माझी बायको मरत होती. मी घरी होतो.’

एवढं बोलून त्यानं माइक निलेशच्या हातात दिला. निलेशचा आवाज भरून आला होता. ‘बघा,’ तो म्हणाला, ‘आबांचा मोठेपणा बघा. स्वतःकडं काही घेत नाय माणूस.’ आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. सम्यकसुद्धा उभा राहून वाजवत होता.

सखाराम मागच्या मागं बाहेर पडला आणि घराच्या वाटेला लागला. टाळ्या मागून ऐकू येत होत्या. त्याला राग आला नाही. त्या दिवसापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं, जेवण गिळत होता, बोलावलं तर उठत होता. विहिरीपाशी मागून हाक आली. गंगाराम काठी टेकत येत होता. सखारामला वाटलं, आता हाही काहीतरी मोठं बोलणार.

गंगाराम जवळ येऊन धापा टाकत उभा राहिला.

‘वैनीला शेवटी काय गेलं काय पोटात?’ त्यानं विचारलं.

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. लेकानंसुद्धा नाही.

‘पेज,’ तो म्हणाला. ‘मी केली होती. चुलीवर.’

‘तुला येते?’

‘नाय येत. मिठाचं विसरलो होतो. पहिला चमचा दिला तर म्हणाली, आळणी. उठून मीठ आणलं, ढवळलं. मग घेतलीन तिनं.’

‘आवडली?’

‘मान डोलावली,’ सखाराम म्हणाला. गंगारामनं त्याला दंडाला धरून विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं. येसूबाई गेल्यापासून पहिल्यांदा सखाराम रडला, मोठ्यानं, लाज सोडून, आणि गंगाराम त्याच्या शेजारी बसून राहिला.